सहाव्या दगडावरची घाणेरी

“नीलवंत, एक,” मास्तर म्हणाले.

मी तक्त्यावरून मान वर केली. आम्ही चौथ्या दगडापाशी उभे होतो. समोर करवंदीची जाळी होती, जाळीवर सकाळचं ऊन होतं, आणि ऊन सोडलं तर तिथं दुसरं काहीही नव्हतं. नीलवंत म्हणजे तळहाताएवढं काळंनिळं फुलपाखरू. ते समोर असून दिसू नये म्हणजे माझेच डोळे गेले असणार, असं मी मनाशी म्हटलं आणि पेन्सिलीनं लिहून टाकलं: नऊ बावीस, दगड चौथा, नीलवंत, एक.

ही दिवाळीनंतरच्या रविवारची गोष्ट. आठ वर्षं झाली तिला.

मी केरबा चौगले, निवृत्त तलाठी. राधानगरीच्या वरच्या अंगाला आमची तळेवाडी. नोकरी संपली त्या वर्षी मी पारावर बसून इतका सुटलो की डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. नुसतं चालायचं म्हणजे मला शिक्षाच वाटायची. तेव्हा टिपुगडे मास्तर म्हणाले, “चालायचंच हाय न्हवं? मग माझ्या मागनं चाल. मोकळं नको, हातात तक्ता धर. तुझं अक्षर चांगलं हाय.”

मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या डॉ. शाल्मली इंगवले जिल्हाभर फुलपाखरांची मोजणी चालवत होत्या आणि त्यासाठी गावोगाव त्यांनी स्वयंसेवक गोळा केले होते. बहुतेक आमच्यासारखेच, पेन्शन खाणारे. दर पंधरवड्याला रविवारी सकाळी नऊ वाजता एक किलोमीटर वाट दीड तासात चालायला दुसरं कोण रिकामं बसलंय! आमची वाट गावाबाहेरच्या ओढ्यापासून वर सड्यापर्यंत, म्हणजे कातळाच्या पठारापर्यंत, जायची. वाटेत दहा दगड, त्यांवर मास्तरांनी पांढऱ्या रंगात सुबक आकडे काढलेले. प्रत्येक दगडापाशी थांबायचं, पाच पावलांच्या आत जे फुलपाखरू दिसेल त्याचं नाव आणि संख्या एकानं सांगायची, दुसऱ्यानं लिहायची. मास्तर सांगायचे, मी लिहायचो. सात वर्षांत त्यांनी एकही रविवार चुकवलेला नव्हता. त्यातली शेवटची तीन मी होतो.

तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत दोन नियम छापलेले होते. जे दिसेल तेच लिहा, जे असायला हवं ते नाही. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, रकाना मोकळा सोडू नका.

आमच्या घरी या उद्योगाची भरपूर थट्टा व्हायची. “जन्मभर लोकांचे सातबारे लिहिले,” हौसाबाई, म्हणजे माझी बायको, म्हणायची, “आता पाखरांचे उतारे काढा. वारस लावायचे राहिले असतील कुणाचे, तेबी लावून टाका.” मी हसायचो. पण खरं सांगायचं तर त्या रविवारची मी वाट बघायचो. मास्तरांच्या शेजारी चालताना शिकल्यासारखं वाटायचं. हबशी कसा आळशासारखा उडतो, हळदीकुंकवाच्या पंखांना वरून कसा काहीच डौल नसतो आणि पंख मिटले की खालून पिवळं आणि लाल कसं उमलतं, हे ते हात हलवून दाखवायचे. नावं मला पाच-सहाच आली. बाकीची त्यांना येत होती, मग मी कशाला डोकं शिणवू?

त्या नीलवंतानंतर मात्र मी मास्तरांकडे नीट बघायला लागलो. गळ्यातली दुर्बीण गेली होती. विचारलं तर म्हणाले, पट्टा तुटलाय. एस.टी.ची पाटी मला वाचायला लावायचे. चहाचा कप घेताना कपाकडे न बघता कपाच्या बाजूला बघायचे. पायवाट मात्र झकास चालायचे, एक ठेच नाही. म्हणून आधी माझ्या लक्षात आलं नाही. पुढे त्यांच्याच मुलाकडून, रणधीरकडून, फोनवर कळलं. डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. कडेकडेचं दिसायचं. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं.

“काका, तुम्ही तरी समजावा त्यांना,” रणधीर म्हणाला. “मी पुण्याला न्यायला कधीचा तयार आहे. तिथं चौथ्या मजल्यावर लिफ्ट आहे, खाली बाग आहे. पण ते म्हणतात, माझ्यामागे काम आहे. कसलं काम, काका? फुलपाखरं मोजायचं?”

मी हो-ना केलं आणि फोन ठेवला. मास्तरांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती. गावात राहायला त्यांच्याकडे जे काही कारण होतं ते त्या दहा दगडांवर होतं, आणि ते मी काढून घेतलं तर पुढच्या आठवड्यात ते पुण्याच्या बागेत बसलेले असणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी गप्प बसलो. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

ते बोलत राहिले, मी लिहीत राहिलो. दुसरा दगड, मयूर भिरभिरी, तीन. पाचवा दगड, हबशी, चार. सहाव्या दगडापाशी घाणेरीचं मोठं झुडूप होतं, बारा महिने फुललेलं. तिथं ठरलेलं, हळदीकुंकू, दोन. कधी असायचीही. नसली तरी मास्तरांच्या आठवणीत असायचीच. सात वर्षं त्यांनी ती वाट पाठ केली होती, आता ती ते म्हणून दाखवत होते. माझी पेन्सिल एकदाही अडली नाही.

अडणार कशी? मी तलाठी होतो. पीकपाहणी म्हणजे शिवारात जाऊन कुणाच्या रानात काय पेरलंय ते बघून लिहायचं. मी पहिली दोन वर्षं गेलो. मग कळलं की मागच्या वर्षीचं पान समोर धरून चावडीत बसूनही ती होते. ऊस होता तिथं ऊस, भात होतं तिथं भात, न पेरलेलं रान होतं तिथं पड. कुणी विचारत नव्हतं. वरच्या रानातल्या कोंडाबाईची जमीन अशीच माझ्या वहीत ‘पड’ होती. तिनं दोन वर्षं तिथं नाचणी केली होती. एका रात्रीत गव्यांनी ती तुडवली तेव्हा बाई भरपाई मागायला वनखात्यात गेली, त्यांनी उतारा मागितला, आणि उताऱ्यावर मी लिहिलेलं ‘पड’ होतं. ती चावडीत आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, “आण्णा, माझी नाचणी तुमास्नी दिसलीच न्हाई व्हय?” लिहिलेली नोंद मागाहून बदलता येत नाही, हा नियम मी तिला सांगितला. पुढच्या वर्षी तिनं खरंच पड टाकली आणि पोरीकडे निघून गेली. मी माझ्या आयुष्यात फार वाईट कामं केलेली नाहीत. पण ते एक केलंय.

जानेवारीत इंगवले मॅडमचा फोन आला. मास्तरांचा फोन लागला नाही म्हणून मला.

“चौगले आबा, अहो, तुमच्या वाटेचं काय गूढ आहे?” त्यांचा आवाज आनंदानं फुलला होता. “या वर्षी सगळीकडं हळदीकुंकू निम्म्यावर आलंय. तुमच्याकडं मात्र एकसुद्धा कमी नाही! मार्चमध्ये परिषदेत मी तुमच्याच सड्यावर बोलणार आहे. सरांना सांगा, त्यांचं नाव पहिलं घेणार.”

“सांगतो,” मी म्हणालो.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते अंगणात बसले होते. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, “निम्म्यावर आलंय म्हणत्यात?”

“व्हय. आपल्याकडं न्हाई.”

“आपल्याकडं न्हाई,” ते म्हणाले आणि आत गेले.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. ऊन स्वच्छ, वारा नाही, मोजणीला हवा तसा दिवस. पाच दगड नेहमीसारखे झाले. ते बोलले, मी लिहिलं. सहाव्याकडे वळलो आणि मी थबकलो.

घाणेरी नव्हती. वनखात्याच्या माणसांनी आदल्या दिवशी सगळी तोडून मुळं खणून काढली होती. जागेवर नुसती तांबडी उकरलेली माती, आणि पलीकडे उतारावर फांद्यांचा ढीग.

मास्तर दगडापाशी थांबले. नेहमीसारखी मान किंचित तिरकी केली. नाक वर करून एक मोठा श्वास घेतला.

“सहावा दगड,” ते म्हणाले. “घाणेरीवर हळदीकुंकू, दोन.”

मी मातीकडे बघितलं. मास्तरांकडे बघितलं. घड्याळात बघितलं. आणि लिहिलं.

आम्ही चार पावलं पुढे गेलो. मास्तर थांबले.

“लिहिलंस?”

“लिहिलं की.”

“काय लिहिलंस, वाच.”

“नऊ एकेचाळीस, दगड सहावा, हळदीकुंकू, दोन.”

“कशावर बसली हुती?”

“घाणेरीवर.”

“घाणेरी कुठं हाय, केरबा?”

मास्तर काठी टेकून वळले आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला, बघत राहिले.

“ओढ्यापासनंच वास येतोय मला तोडलेल्या घाणेरीचा,” ते म्हणाले. “आख्ख्या रानभर पसरलाय. डोळं गेलं म्हणून नाक गेलं न्हाई. म्हटलं, बघू तर आज तलाठी काय लिहितोय.”

“मास्तर...”

“मला दिसत न्हाई, म्हणून मी आठवणीनं सांगतो. तुला दिसतंय. तू कशापायी लिहितोस?”

बासष्ट वर्षांचा माणूस मी, पण शाळेत छडीपुढे हात धरावा तसा तो तक्ता धरून उभा होतो.

“तुम्हाला वाईट वाटंल म्हणून,” मी म्हणालो.

“कधीपासनं ठावं हाय तुला?”

“दिवाळीपासनं.”

“वाईट वाटंल म्हणून माणूस एकदा गप बसतो. दोनदा बसतो. तीन महिनं लिहीत न्हाई.” त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. “दर रविवारी मी वाट बघायचो, केरबा. म्हणायचो, आज हा म्हणंल, मास्तर, तिथं काय न्हाई. आज म्हणंल. मग मी थांबीन. मला आपणहून थांबता येत न्हवतं रं. थांबलो की रणधीर गाडी घेऊन येतोय. घरात बसून कुणाशी बोलू मी, भिंतीशी? म्हणून रेटत गेलो. पर तू तर म्हणालाच न्हाईस. मी चांदणं पडलंय म्हणालो असतो तरी तू लिहिलं असतंस.”

मी त्यांना कोंडाबाई सांगितली. उभ्या उभ्या, त्या उकरलेल्या मातीपाशी, पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. चावडी, मागच्या वर्षीचं पान, पड, नाचणी, सगळं. हौसालाही मी ते कधी बोललो नव्हतो.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत, असू दे म्हणाले नाहीत.

“म्हणजे दोघंबी सारखंच,” शेवटी म्हणाले. “खोड ते.”

मी हळदीकुंकू खोडलं.

“आता तिथं काय दिसतंय ते लिही.”

“काय न्हाई दिसत.”

“मग तसं लिही.”

पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. हसू येईल कुणाला, पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत रिकाम्या जागी काहीतरी भरायचं इतकंच या हाताला शिकवलेलं होतं. मी शून्य काढलं. ते जरा वाकडं आलं.

“सातवा चल,” मास्तर म्हणाले. “आता तू बघ. मी गप.”

सातव्या दगडापाशी मी खरोखर बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. गवत होतं, गवतावर कोळ्याचं जाळं होतं, एक नाकतोडा होता. फुलपाखरू नव्हतं. दुसरं शून्य काढलं, ते बरं आलं.

आठव्यापाशी मात्र एक आलं. माझा जीव असा हरखला की मी मास्तरांचा दंडच धरला.

“आलं, मास्तर! तांबूस हाय. पंखांच्या टोकाला काळं, त्या काळ्यात पांढरा पट्टा.”

मास्तरांचा चेहरा बदलला. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मान सरळ केली. “तशी दोन असत्यात. एक रुईवर वाढतंय, कडू असतंय, म्हणून पाखरं त्याला खात न्हाईत. दुसरं चांदवा म्हणून हाय, त्याची मादी. ती त्याचं सोंग घेऊन फिरती. मागच्या पंखावर काळं ठिपकं किती? तीन-चार का एकच?”

मी पुढे झालो. पाऊल वाजलं. ते उडालं आणि उतारावरून खाली गेलं.

“मोजलं न्हाईत,” मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं. “बहुतेक रुईवरचंच असंल. आपल्याकडं तेच जास्त हाय.”

“बहुतेक?”

मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: “दगड आठवा. एक. ओळखता आलं नाही.”

“हां,” मास्तर म्हणाले आणि चालायला लागले.

नववा शून्य. दहाव्यापाशी एक हबशी, तो मला येत होता. साडेदहाला आम्ही सड्यावर बसलो. मास्तरांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, उपरण्यानं मिशा पुसल्या आणि म्हणाले, “मॅडमना फोन लाव. आवाज मोठा कर, तुला ऐकू येऊ दे.”

“आत्ता? घरी जाऊन सावकाश...”

“घरी गेलो की माझा धीर जाईल. लाव.”

मी लावला आणि फोन दोघांच्या मध्ये दगडावर ठेवला.

“मॅडम, टिपुगडे बोलतोय,” ते म्हणाले. मॅडमशी ते शाळेतलं शुद्ध बोलायचे. “गणपतीपासून आजपर्यंतचे आमचे सगळे तक्ते काढून टाका. आजचे पहिले पाच दगडसुद्धा. त्यांत मी सांगितलेलं मला दिसलेलं नाही. माझे डोळे गेले आहेत. मी आठवणीनं सांगत होतो.”

मी फोनवर वाकलो.

“आणि मला ते ठाऊक होतं, मॅडम,” मी मध्ये तोंड घातलं. “मी लिहीत होतो.”

“सर,” मॅडम हळूच म्हणाल्या. “म्हणजे हळदीकुंकू...”

“तुमच्याकडं निम्मं झालं असेल तर आमच्याकडंही निम्मंच झालं असणार. पण असणार म्हणून ते लिहू नका. आम्हाला माहीत नाही असं लिहा.”

त्यांचं भाषण गेलं होतं, मार्चमधलं. रागावल्या असत्या तर ते त्यांच्या हक्काचं होतं. त्यांनी एक सुस्कारा सोडला. “आधीची साडेसहा वर्षं?”

“ती खरी आहेत. तिथं शपथ घेतो.”

“मग ती राहतील,” त्या म्हणाल्या. “सर, विचारायला जिवावर येतंय. पण मग ही वाट आता बंद करायची का?”

मास्तरांचा हात दगडावर होता. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो आणि मला पुण्याचा चौथा मजला दिसत होता, खालची बाग दिसत होती. या वेळी मात्र मी त्यांच्या ऐवजी काही भरलं नाही. त्यांचं त्यांनाच बोलू दिलं.

“बंद कशाला?” ते म्हणाले. “वाट तीच आहे, फक्त नजर बदलायची. यापुढं चौगले बघतील. मी नुसता बरोबर चालेन.”

“पण चौगले आबांना फुलपाखरं ओळखता येतात?”

“छे,” मास्तर म्हणाले. “पाच-सहा येतात, तीसुद्धा चुकतमाकत. पण आज त्यांनी तीन वेळा शून्य लिहिलं, मॅडम. तेवढं जमलं की बाकीचं शिकवायला मी आहे.”